गरोदर माता आणि नवजात बाळ: हिवताप व टॉक्सोप्लाझ्माची तपासणी टप्प्याटप्प्याने

आईच्या पोटातच बाळाला लागू शकणारे परजीवी जगात बरेच आहेत, पण महाराष्ट्रात काम करताना आपली खरी गाठ पडते ती दोघांशी. एक हिवतापाचा, म्हणजे मलेरियाचा प्लाझ्मोडियम आणि दुसरा टॉक्सोप्लाझ्मा. हिवतापाची तपासणी स्वस्त आहे, वीस मिनिटांत होते, औषध हाताशी असतं. तरीही ती जिथे हवी तिथेच राहून जाते. टॉक्सोप्लाझ्माची तपासणी महाग, तिचा अर्थ लावणं किचकट, आणि ‘टॉर्च प्रोफाइल’ (आईकडून बाळाला लागू शकणाऱ्या काही संसर्गांच्या एकत्र तपासण्या) या नावाखाली ती गरज नसताना सर्रास लिहून दिली जाते. गडचिरोलीतल्या एटापल्लीच्या एखाद्या पाड्यावरची गरोदर बाई ताप नाही म्हणून बोटाला सुई न टोचता घरी जाते, आणि शहरातली सुदृढ बाई एका ‘आयजीएम पॉझिटिव्ह’ (आयजीएम म्हणजे लागणीनंतर आधी तयार होणारं प्रतिपिंड) शब्दामुळे रात्र रात्र जागते. हे दोन्ही थांबवता येतं, म्हणून हा लेख.

प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर, परिचारिका, एएनएम आणि आशाताई यांच्यासाठी हे लिहिलं आहे. रिपोर्ट हातात घेऊन बसलेल्या घरच्यांनाही ते वाचता यावं असा प्रयत्न केला आहे. औषधांची मात्रा काही ठिकाणी दिली आहे ती समजण्यापुरती. औषध सुरू करायचं ते डॉक्टरांनी, बाळाचं वजन करून आणि त्या वेळी लागू असलेल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना समोर ठेवून.

सुरुवातीलाच दोन गोष्टी पक्क्या करा

पहिली: नाळेतलं रक्त म्हणजे बाळाचं रक्त, असं धरून चालू नका. बाळंतपणात आईचं रक्त नाळेच्या नमुन्यात सहज मिसळतं. त्यात परजीवी दिसला किंवा आयजीएम आलं, तरी ते आईचं असू शकतं. बाळाला लागण आहे की नाही हे ठरवायला बाळाच्या टाचेचं किंवा शिरेतलं रक्त लागतं. नाळेचा नमुना इशारा म्हणून वापरा, निकाल म्हणून नाही.

दुसरी: प्रत्येक नमुन्यावर गरोदरपणाचा आठवडा किंवा बाळाचं वय लिहा. ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द एकटा काहीच सांगत नाही. अकराव्या आठवड्यातलं पॉझिटिव्ह आणि चौतिसाव्या आठवड्यातलं पॉझिटिव्ह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिसऱ्या दिवशीचं बाळाचं आयजीजी (नंतर तयार होऊन दीर्घकाळ टिकणारं प्रतिपिंड) आणि बाराव्या महिन्यातलं आयजीजी यांचाही एकमेकांशी संबंध नाही. तारीख नसलेला रिपोर्ट मी तरी अर्धाच मानतो.

हिवताप: आईची तपासणी

राज्यातल्या हिवतापाचा मोठा भार गडचिरोली आणि मुंबई उचलतात, पण दोन्हीकडचं चित्र वेगळं आहे. गडचिरोलीत, विशेषतः भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची या तालुक्यांत, फाल्सिपॅरमचं, म्हणजे प्लाझ्मोडियमच्या जास्त घातक प्रकाराचं, प्रमाण मोठं आहे. मुंबईत व्हायव्हॅक्स हा दुसरा प्रकार जास्त. आई कुठे राहते एवढं विचारून भागत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत आहे. बाई सातव्या महिन्यात मुंबईहून गावी येते, किंवा बांधकामावरून, ऊसतोडीवरून परत येते, आणि तिच्यासोबत परजीवीही येतो. म्हणून नोंदणीच्या वेळी ‘गेल्या वर्षभरात कुठे कुठे राहिलात?’ हा प्रश्न ‘ताप आला होता का?’ या प्रश्नाच्या आधी विचारा.

ताप नसताना तपासायचं कशाला, असं पुष्कळदा ऐकू येतं. याचं कारण शरीराच्या कामात आहे. सतत डास चावणाऱ्या भागातल्या मोठ्या माणसाला अंशतः प्रतिकारशक्ती आलेली असते, त्यामुळे परजीवी रक्तात असूनही ताप येत नाही. छत्तीसगडमध्ये २०२० साली सुरू झालेल्या मलेरियामुक्त बस्तर अभियानात घरोघर सगळ्यांचं रक्त तपासलं, तेव्हा लागण सापडलेल्यांत लक्षणं नसलेल्यांचंच प्रमाण मोठं निघालं. भामरागडचं जंगल त्याच जंगलाला लागून आहे. त्यात गरोदरपणी आणखी एक गोष्ट घडते. फाल्सिपॅरमची लागण झालेल्या लाल पेशी वारेला चिकटून बसतात. बोटातून काढलेल्या रक्तात त्या कमी दिसतात किंवा दिसतच नाहीत, पण वारेत त्यांचं काम चालूच असतं. आईचं हिमोग्लोबिन उतरतं, बाळाचं वजन भरत नाही. पहिलटकरणीला हा त्रास सर्वांत जास्त, कारण वारेत बसणाऱ्या या परजीवीशी तिच्या शरीराची ओळखच झालेली नसते.

म्हणून हिवतापग्रस्त गावांसाठी माझं मत स्पष्ट आहे: ताप असो वा नसो, नोंदणीच्या दिवशी एकदा, त्यानंतर प्रत्येक गरोदरपण तपासणीला, आणि बाळंतपणासाठी दाखल होताना एकदा तपासा. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. हिमोग्लोबिनसाठी बोट टोचतोच आहोत, तर त्याच टोचणीत रक्ताचा एक थेंब किटवर आणि एक काचेवर, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या काचपट्टीवर, घ्यायचा. वेगळा दिवस, वेगळी रांग लागत नाही.

किट आणि काच, दोन्ही का

जलद किट, म्हणजे आरडीके, १५ ते २० मिनिटांत उत्तर देतं. आपल्याकडच्या दुहेरी किटमध्ये फाल्सिपॅरमची एक रेघ आणि व्हायव्हॅक्सची एक रेघ असते. फाल्सिपॅरमची रेघ ज्या प्रथिनावर अवलंबून असते ते परजीवी मेल्यावरही काही आठवडे रक्तात राहतं. त्यामुळे पंधरा दिवसांपूर्वी उपचार झालेल्या बाईचं किट पॉझिटिव्ह आलं, तर औषध पुन्हा देण्याआधी काच बघा. उलट बाजूही आहे. परजीवी वारेत दडलेला असताना काच निगेटिव्ह आणि किट पॉझिटिव्ह असंही होतं. त्यामुळे मागे उपचार झालेलेच नसतील तर किटवर विश्वास ठेवा.

किटच्या बाबतीत हयगय होते ती लहानसहान गोष्टींत. पाकीट आधीच फोडून ठेवू नका, दमट हवेत पट्टी खराब होते. उन्हाळ्यात किट मोटरसायकलच्या डिकीत ठेवू नका. बफरचे थेंब कंपनीने सांगितले तितकेच घाला. पाकिटावर लिहिलेल्या वेळेनंतर वाचलेली रेघ धरायची नाही. नियंत्रणाची रेघ उमटली नसेल तर ते किट बाद, मग बाकी काहीही दिसो.

काच करताना मोठ्या माणसाच्या डाव्या हाताच्या अनामिकेला टोचतात. पहिला थेंब पुसून टाका. पुढचा थेंब काचेवर घेऊन दुसऱ्या काचेच्या कोपऱ्याने साधारण एक सेंटिमीटर व्यासाचा जाड ठिपका पसरवा. शेजारी लहान थेंबाची पातळ जिभेसारखी फिल्म ओढा. जाड ठिपका इतकाच जाड हवा की खाली ठेवलेली छापील अक्षरं त्यातून जेमतेम वाचता यावीत. तो सपाट जागी आपोआप वाळू द्या. बल्बखाली किंवा उन्हात धरला तर लाल पेशी काचेवर पक्क्या बसतात, मग रंग देताना त्या फुटत नाहीत आणि परजीवी झाकलेलाच राहतो. मिथेनॉल फक्त पातळ फिल्मला लावायचं. जाड ठिपक्यावर त्याचा ओघळसुद्धा येता कामा नये. जेएसबी किंवा गिम्साने रंगवून जाड ठिपक्यातली किमान १०० क्षेत्रं पाहिल्याशिवाय निगेटिव्ह लिहायचं नाही. पावसाळ्यात तंत्रज्ञांच्या टेबलावर काचांचा ढीग लागतो हे मला माहीत आहे. म्हणूनच गरोदर मातांच्या आणि नवजात बाळांच्या काचा वेगळ्या बांधा, वर लाल पेनने खूण करा आणि त्या आधी बघायला सांगा.

आई पॉझिटिव्ह आली तर

व्हायव्हॅक्स असेल तर क्लोरोक्विन, वजनाच्या हिशेबाने तीन दिवसांत मिळून किलोमागे २५ मिलिग्रॅम. फाल्सिपॅरमसाठी कोणतं मिश्र औषध द्यायचं हे तिमाहीवर आणि चालू राष्ट्रीय सूचनांवर ठरतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून पहिल्या तिमाहीतही आर्टिमेथर-ल्युमेफॅन्ट्रिनला मान्यता दिली आहे. प्रायमाक्विन मात्र गरोदरपणी अजिबात नाही. पोटातल्या बाळाला जी-६-पीडी या लाल पेशींना जपणाऱ्या विकराची कमतरता आहे की नाही हे आपल्याला कळत नाही आणि त्याच्या लाल पेशी फुटू शकतात.

इथेच एक गोष्ट निसटते. प्रायमाक्विन न दिल्यामुळे व्हायव्हॅक्सचे यकृतात झोपलेले परजीवी तसेच राहतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा ताप घेऊन येतात. त्यामुळे व्हायव्हॅक्स झालेल्या बाईची बाळंतपणापर्यंत दर महिन्याला काच करा, आणि कार्डावर ठळक लिहा: ‘प्रायमाक्विन बाकी’. ते कधी द्यायचं हे डॉक्टर स्तनपान आणि जी-६-पीडीची तपासणी बघून ठरवतील. लिहिलं नाही तर ते कोणीच देत नाही आणि पुढच्या बाळंतपणात हेच पुन्हा घडतं.

हिवताप: बाळाची तपासणी

कोणत्या बाळाची तपासणी करायची? आईला या गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, हिवताप झाला असेल. दाखल होताना तिचं किट किंवा काच पॉझिटिव्ह आली असेल. किंवा हिवतापग्रस्त भागातल्या बाळाला पहिल्या दोन महिन्यांत ताप, फिकेपणा, कावीळ, फुगलेलं पोट, दूध ओढत नाही, प्लेटलेट कमी, यांपैकी काही असेल. शेवटच्या गटात आईला हिवताप झाल्याचं आठवत नसलं तरी तपासा. ताप न येता लागण असते हे वर आलंच आहे.

कधी तपासायचं हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. जन्मजात हिवतापाची व्याख्या पहिल्या सात दिवसांत बाळाच्या रक्तात परजीवी सापडण्यावर बेतलेली आहे, पण प्रत्यक्षात बाळ आजारी पडतं ते बहुधा उशिरा, दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात, कधी त्यानंतरही. आईकडून आलेली प्रतिपिंडं आणि बाळाच्या रक्तातलं गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन परजीवीला सुरुवातीला दाबून ठेवतात. दवाखान्यातून तिसऱ्या दिवशी ठणठणीत घरी गेलेलं बाळ विसाव्या दिवशी तापाने फणफणतं ते यामुळे.

आपल्याकडे या काळावर लक्ष ठेवायची सोय आधीपासून आहे. नवजात बाळाच्या घरपोच काळजीत आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जातात. ही पद्धत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या गडचिरोलीतल्या कामातून उभी राहिली आणि तो अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. ज्या जिल्ह्यात ती जन्मली त्याच जिल्ह्यात हिवतापासाठी ती पुरेपूर वापरायला हवी. आई बाळंतपणाच्या वेळी पॉझिटिव्ह असेल तर मी सुचवतो तो क्रम असा: जन्मानंतर पहिल्या दिवशी टाचेची काच, सातव्या दिवशी पुन्हा, आणि १४, २१, २८ व्या दिवसांच्या भेटीत तापमान घेणं व तळहात-तळपाय फिके आहेत का हे पाहणं. काखेतलं तापमान ३७.५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून वर गेलं, किंवा बाळ गार पडलं, सुस्त झालं, की त्याच वेळी काच आणि त्याच दिवशी रेफर.

बाळाच्या टाचेतून रक्त घेताना मध्यभागी टोचू नका. तिथे हाड जवळ असतं. टाचेच्या तळाच्या बाहेरच्या कडेला टोचा. आधी टाच कोमट कापडाने शेकली तर थेंब आपोआप येतो, पिळावं लागत नाही. पिळून काढलेल्या रक्तात ऊतींचं पाणी मिसळतं, थेंब पातळ होतो आणि मुळात थोडेच असलेले परजीवी आणखी विरळ होतात. पहिली काच निगेटिव्ह आली आणि संशय कायम असेल तर १२ ते २४ तासांनी पुन्हा काच घ्या, गरज पडल्यास तिसरीही. बाळाच्या बाबतीत एका किटवर निकाल देऊ नका.

नवजात बाळाचा ताप हा जंतुसंसर्ग समजूनच उपचार सुरू होतात आणि ते योग्यच आहे. काच पॉझिटिव्ह आली म्हणून प्रतिजैविकं लगेच बंद करायची नाहीत. दोन्ही आजार एकत्र असू शकतात, तेव्हा रक्ताच्या कल्चरचा निकाल येऊ द्या. माझा आग्रह उलट बाजूने आहे: विशेष नवजात काळजी कक्षात तापाचं बाळ आलं, आई हिवतापाच्या भागातली आहे, तर पहिल्याच रक्तासोबत काच गेली पाहिजे. तीन दिवस औषध देऊन ताप उतरला नाही, मग काच, असं नको. त्या तीन दिवसांत हिमोग्लोबिन धोकादायक पातळीवर येतं. बाळाला आधी कुठे रक्त चढवलं होतं का, हेही विचारा, कारण हिवताप त्यातूनही येतो.

उपचारात एक दिलासा आहे. आईच्या रक्तातून आलेला परजीवी थेट लाल पेशींत शिरतो. डास चावल्यावर घडणारा यकृतातला टप्पा इथे होतच नाही. म्हणून जन्मजात व्हायव्हॅक्सला प्रायमाक्विन लागत नाही, क्लोरोक्विन पुरतं. या वयात प्रायमाक्विन देऊही नये. फाल्सिपॅरम किंवा गंभीर आजार असेल तर बाळ मोठ्या रुग्णालयात आणि आर्टेसुनेट शिरेतून. पाच किलोखालच्या बाळांसाठी खास बनवलेलं आर्टिमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन २०२५ मध्ये स्वित्झर्लंडच्या औषध नियामकाने मंजूर केलं. तोवर मोठ्या मुलांच्या गोळ्या फोडूनच भागवावं लागत होतं. बरं झालेल्या बाळाला पहिल्या रात्रीपासून आईसोबत औषधभारित मच्छरदाणीत झोपवा. घरी डास चावून झालेला व्हायव्हॅक्स मात्र यकृतात दडून बसतोच.

टॉक्सोप्लाझ्मा: आधी कोणाची तपासणी करायची नाही ते

टॉक्सोप्लाझ्मा मांजराच्या विष्ठेतून मातीत, पाण्यात जातो आणि प्राण्यांच्या मांसात कोष करून राहतो. आपल्याकडे मटण चांगलं शिजवतात, त्यामुळे मातीचा आणि पाण्याचा रस्ता जास्त महत्त्वाचा. कोइमतूरमध्ये २००४-०५ च्या सुमारास डोळ्यांच्या टॉक्सोप्लाझ्मोसिसची मोठी साथ आली, तिचा संशय पिण्याच्या पाण्यावर होता. शाकाहारी घरातली बाई सुरक्षित, हा समज म्हणून चुकीचा. कच्ची कोथिंबीर, मुळा, गाजर, काकडी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. बागेत, शेतात माती हाताळल्यावर साबणाने हात धुवा. घरात मांजर असेल तर तिची घाण रोजच्या रोज दुसऱ्याने काढावी. ताज्या विष्ठेतला परजीवी लागण करण्याजोगा व्हायला एक ते पाच दिवस घेतो. मांजर घराबाहेर काढायची गरज नाही.

आता मुद्द्याचं. हा परजीवी बाळाला धोका करतो तो आईला या गरोदरपणात पहिल्यांदाच लागण झाली तर. जुनी लागण असलेल्या, निरोगी बाईचं बाळ जवळपास नेहमीच सुरक्षित असतं. अपवाद एचआयव्हीसारख्या कारणाने प्रतिकारशक्ती खालावलेल्या मातांचा. यावरून सरळ निघतं की वारंवार गर्भपात होणाऱ्या बाईला टॉक्सोप्लाझ्मा कारण असण्याचा संभव फार कमी. एकदा लागण झालेली बाई पुढच्या प्रत्येक वेळी नव्याने पहिली लागण घेऊ शकत नाही. तरीही एक गर्भपात झाला की टॉर्च टेस्ट लिहिली जाते, भारतातल्या साधारण पाचातल्या एका बाईच्या अंगात मुळातच आयजीजी असतं ते पॉझिटिव्ह येतं, आणि महिनोनमहिने औषधं सुरू होतात. हे पैसे आणि ही भीती दोन्ही वाया आहेत.

फ्रान्समध्ये वेगळं चित्र आहे. तिथे १९७८ मध्ये लग्नाआधीची तपासणी सुरू झाली होती, ती पुढे बंद झाली; पण १९९२ पासून लागण न झालेल्या गरोदर बाईची दर महिन्याला तपासणी होते. ते त्यांना जमतं, कारण दर महिन्याच्या तपासणीमुळे आयजीजी नेमकं कोणत्या महिन्यात उगवलं हे दिसतं. आपण नऊ महिन्यांत एकदाच तपासतो. मग हाती एक आकडा येतो, त्यामागची तारीख येत नाही.

त्यामुळे आपल्याकडे तपासणी करावी ती कारण असेल तेव्हाच: सोनोग्राफीत बाळाच्या मेंदूतले पोकळ भाग मोठे दिसले, मेंदूत चुन्याचे ठिपके दिसले, बाळाच्या पोटात किंवा अंगात पाणी साठलं, यकृत-प्लीहा मोठी दिसली, आईला गरोदरपणात कारण न सापडणारा ताप आणि मानेत गाठी आल्या, किंवा आई एचआयव्हीबाधित आहे.

रिपोर्ट कसा वाचायचा

आयजीजी आणि आयजीएम दोन्ही निगेटिव्ह: लागण कधीच झालेली नाही. वर सांगितलेली काळजी घ्या. सोनोग्राफीत दोष असेल तर दुसरं कारण शोधा.

आयजीजी पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह: पहिल्या चार-साडेचार महिन्यांत असा रिपोर्ट आला तर लागण जुनी. विषय संपला. पुन्हा तपासायचं नाही, औषध नाही. हाच रिपोर्ट आठव्या महिन्यात पहिल्यांदा आला तर मात्र तेवढी खात्री देता येत नाही.

आयजीजी निगेटिव्ह, आयजीएम पॉझिटिव्ह: एक तर अगदी ताजी लागण, नाही तर खोटं पॉझिटिव्ह. दोन ते तीन आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा. आयजीजी उगवलं तर लागण खरी. नाही उगवलं तर आयजीएम खोटं.

दोन्ही पॉझिटिव्ह आली की घरचे सर्वांत जास्त घाबरतात. आयजीएम म्हणजे ताजी लागण असं पाठ्यपुस्तकात असतं, पण टॉक्सोप्लाझ्माचं आयजीएम महिनोनमहिने, कधी वर्षभराहून जास्त रक्तात टिकतं. शिवाय किटही चुकतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्येच डॉक्टरांना सावध केलं होतं की एकट्या आयजीएमवर निर्णय घेऊ नका. इथे पुढची तपासणी आयजीजी अ‍ॅव्हिडिटीची. लागण जुनी होत जाते तशी आयजीजीची पकड घट्ट होते, आणि ही तपासणी ती पकड मोजते.

समजा बाई ११ आठवड्यांची गरोदर आहे, दोन्ही पॉझिटिव्ह, आणि अ‍ॅव्हिडिटी उच्च आली. उच्च अ‍ॅव्हिडिटी यायला किटनुसार साधारण तीन ते चार महिने लागतात. म्हणजे लागण दिवस राहण्याआधीची. बाळाला धोका नाही, औषध नको, गर्भजल तपासणी नको. आता हीच बाई २८ आठवड्यांची आहे असं धरा. उच्च अ‍ॅव्हिडिटी एवढंच सांगते की गेल्या तीन-चार महिन्यांत लागण झालेली नाही. पहिल्या तिमाहीत झाली होती का, हे कळत नाही. म्हणून ही तपासणी करायची तर १६ आठवड्यांच्या आत. आणि अ‍ॅव्हिडिटी कमी आली म्हणजे लागण ताजीच, असंही नाही. काहींची पकड वर्षभर सैल राहते. तेव्हा दोन-तीन आठवड्यांच्या अंतराचे दोन नमुने एकाच लॅबमध्ये एकत्र तपासून आयजीजी चढतंय का ते पाहतात, आणि बाईला गर्भतज्ज्ञांकडे पाठवतात.

या सगळ्यात एक विनंती पोटतिडकीने करतो: एकट्या आयजीएमच्या कागदावर गर्भपाताचा निर्णय घेऊ नका, कोणी सुचवला तरी. आधी अ‍ॅव्हिडिटी, मग सविस्तर सोनोग्राफी, आणि गरज असेल तर गर्भजलाची पीसीआर, म्हणजे परजीवीच्या जनुकांचा माग काढणारी तपासणी.

लागण खरी आणि या गरोदरपणातली ठरली, तर बाळापर्यंत ती पोहोचण्याची शक्यता महिन्यांगणिक वाढते आणि पोहोचल्यास होणारं नुकसान महिन्यांगणिक कमी होतं. साधारण १३ व्या आठवड्यात आईला लागण झाली तर १५ टक्के बाळांना ती होते, २६ व्या आठवड्यात ४४ टक्के, ३६ व्या आठवड्यात ७१ टक्के. पहिल्या तिमाहीत लागलेल्या थोड्या बाळांना मोठा फटका बसतो. शेवटच्या तिमाहीतली पुष्कळ बाळं जन्मतः अगदी निरोगी दिसतात, आणि म्हणूनच निसटतात. गर्भजल काढायचं तर १८ आठवड्यांनंतर आणि आईच्या लागणीला किमान चार आठवडे झाल्यावर, नाहीतर पीसीआर खोटं निगेटिव्ह येतं. तोवर तज्ज्ञ स्पायरामायसिन देतात. बाळाला लागण सिद्ध झाली तर १८ आठवड्यांनंतर पायरिमेथामिन, सल्फाडायझिन आणि फोलिनिक अ‍ॅसिड. दुकानात फोलिनिक अ‍ॅसिडऐवजी साधं फोलिक अ‍ॅसिड मिळू शकतं, ते चालत नाही. चिठ्ठी आणि पाकीट ताडून पाहा.

टॉक्सोप्लाझ्मा: बाळाची तपासणी

बाळाच्या शिरेतलं रक्त आणि त्याच दिवशीचं आईचं रक्त, एकाच लॅबला पाठवा. बाळाचं आयजीजी पॉझिटिव्ह असणारच, ते आईचं आहे. त्यावरून काहीही ठरत नाही. बघायचं ते आयजीएम, आणि सोय असेल तिथे आयजीए हे तिसरं प्रतिपिंड, कारण ही दोन्ही वार ओलांडून येत नाहीत. आईच्या रक्ताची भेसळ झाल्याची शंका असेल तर दहा दिवसांनी पुन्हा तपासा. भेसळीतलं आयजीएम तोवर ओसरलेलं असतं. आयजीएम निगेटिव्ह आलं म्हणून बाळ सुटलं असंही नाही, लागण झालेल्या काही बाळांत ते येतच नाही. रक्ताची, आणि तज्ज्ञांना वाटलं तर पाठीच्या पाण्याची, पीसीआर करतात.

रक्ताइतकंच महत्त्व बाळाला नीट बघण्याला आहे. बाहुल्या मोठ्या करून नेत्रतज्ज्ञांकडून पडद्याची तपासणी, टाळूतून मेंदूची सोनोग्राफी, कानांची तपासणी, डोक्याचा घेर, यकृत-प्लीहा, रक्तपेशींची मोजणी. बाळ छान दूध पितंय, हसतंय म्हणून डोळ्यांची तपासणी पुढे ढकलू नका. पडद्यावरचा डाग बाहेरून दिसत नाही.

लागण सिद्ध झालेल्या बाळाचे उपचार साधारण वर्षभर चालतात. पायरिमेथामिन अस्थिमज्जा दाबतं, म्हणून रक्तपेशींची मोजणी सुरुवातीला दर आठवड्याला आणि नंतर ठरलेल्या अंतराने करावीच लागते. सल्फाडायझिनआधी जी-६-पीडी तपासा.

आणि ज्या बाळाचं नक्की ठरत नाही त्याचं काय? पाठपुरावा. आईकडून आलेलं आयजीजी दर महिन्याला साधारण निम्मं होतं आणि सहा ते बारा महिन्यांत संपतं. ते उतरत उतरत शून्यावर गेलं, बाळाला उपचार चालू नव्हते, तर लागण नव्हती. बारा महिन्यांनंतरही आयजीजी टिकून असेल तर लागण पक्की. उपचार चालू असलेल्या बाळात आयजीजी तात्पुरतं नाहीसं होऊन औषध थांबल्यावर परत येऊ शकतं, म्हणून अशा बाळाला औषध थांबल्यानंतरही पुन्हा तपासावं लागतं.

लॅटिन अमेरिकेत चागास या आणखी एका परजीवीमुळे होणाऱ्या आजाराच्या बाळांसाठीही हीच शिस्त वापरतात: जन्मतः बाळाच्या रक्तात परजीवी शोधायचा, न सापडल्यास आठ-दहा महिन्यांनी प्रतिपिंडं तपासायची. स्पेनच्या कॅटलोनियात २०१० पासून लॅटिन अमेरिकेतून आलेल्या गरोदर बायांची अशी तपासणी होते. पहिल्या वर्षात सापडलेलं जवळपास प्रत्येक बाळ औषधाने बरं होतं. त्यांचीही खरी लढाई नवव्या महिन्यात परत न येणाऱ्या बाळांशीच आहे.

बाळ हातातून निसटू नये म्हणून

वेगळ्या तारखा दिल्या तर लोक विसरतात. लसीच्या तारखांना जोडा. सहा, दहा, चौदा आठवड्यांच्या लसीला आयजीजीचा नमुना आणि डोक्याचा घेर. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लसीला पुन्हा. बाराव्या महिन्यात आशाताईंची गृहभेट असतेच, त्या भेटीत घरच्यांना शेवटच्या नमुन्यासाठी पाठवायचं. ऐकू येणं, दिसणं, वाढीचे टप्पे यांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात नाव नोंदवा, तिथे १८ वर्षांपर्यंत सोय आहे.

माता-बाल संरक्षण कार्डाच्या मागच्या पानावर चार ओळी लिहा: कोणता परजीवी, आईला कोणत्या आठवड्यात सापडला, बाळाची कोणती तपासणी कोणत्या तारखेला झाली, पुढची कधी. माहेरचा आणि सासरचा, दोन्ही गावांच्या आशाताईंचे फोन नंबर त्याखाली. बाळंतीण सव्वा महिन्याने किंवा तीन महिन्यांनी सासरी जाते तेव्हा बाळाची फाइल माहेरच्याच दवाखान्यात पडून राहते, सोबत जातं ते फक्त हे कार्ड. निघण्याआधी माहेरच्या आशाताईने सासरच्या आशाताईला एक फोन करायचा, पुढच्या नमुन्याची तारीख सांगायची आणि फोन केल्याची नोंद आपल्या वहीत करायची.